आधी नाव, मग आवाज

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ऐकत आलो. लोक माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलतात आणि जग म्हणतं, माईकवर बोलले. कुजबुज असो की आरोळी, आली तशी पुढे धाडायची, एवढंच माझं काम. पण लालबागच्या धनजी चाळीत बकुळाकाकीच्या बाबतीत जे घडलं, ते तुम्ही कोणाच्या तरी फोनवर अर्धवट बघितलं असेल. ते पुरतं ऐका. मी तिच्या हातात होतो.

माझं अंग लोखंडी, डोकं जाळीचं आणि मानेवर एक खटका. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात उभा होतो. धनजी चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची माणसं मला घ्यायला आली, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "गाण्यासाठी पाहिजे की भाषणासाठी?"

"पोरं हरवतात, त्यासाठी," राजाराम परब म्हणाले.

हे राजाराम मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे माग. दिवसभर त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांना खरं तर माझी गरज नव्हती. पण मला ते असं धरत, जसं तान्ह्या पोराचं डोकं धरतात. गर्दीत चुकलेली पोरं, सापडलेल्या चपला, आरतीची वेळ, सगळं माझ्यातून जायचं.

एका वर्षी वीज गेली होती. ती परत आली, ट्यूबलाइट अजून लुकलुकत होत्या, तेवढ्या अंधारात कोणीतरी मला उचललं, मंडळाच्या खजिनदाराबद्दल नको ते बोललं आणि पळालं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. विसर्जनापर्यंत दोन बिऱ्हाडं एकमेकांकडे बघेनात. दुसऱ्या दिवशी राजारामनी मला हातात घेतलं आणि चाळीला सांगितलं, "आजपासून आधी नाव, मग आवाज. नाव, माळा, खोली. ज्याला नाव सांगायचं नाही, त्याने घरी बसून भिंतीला सांगावं."

तेव्हापासून तो नियमच झाला. हरवलेलं पोरगंसुद्धा हुंदके देत म्हणायचं, "मी विकास, तळमजला, खोली चार, माझी आई कुठे गेली?" आणि आई शेजारीच उभी असायची.

गणपतीत एकदा गल्लीत पांढरा पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. हिंदी पिक्चर. फुकट असला तरी लोक त्याला सोडत नसत. मारामारी लांबली की मागून कोणीतरी ओरडायचं, "अरे पोलीस बोलाव आता, उद्या पहिली पाळी आहे!" पिक्चर संपला की राजाराम मला घेऊन लोकांत फिरायचे. "बोला, कसा वाटला पिक्चर?"

तिथेच मी बकुळाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. सावंतवाडीकडून नुकतीच लग्न होऊन आलेली, राजारामांचीच बायको. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मी बकुळा राजाराम परब, दुसरा माळा, खोली तेवीस. हिरो बरो आसा."

गल्ली फुटली हसून. राजाराम म्हणाले, "हिरो बरो, आणि मी?"

"तुमी माईक धरा."

त्या हिरोचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. नाव सांगितलं की कोणाचा तरी अंगठा लगेच फोनकडे जातो. एवढं सांगतो, तो तेव्हा नवा होता, सडपातळ होता, आणि त्याला रडता यायचं. बकुळाने तेव्हापासून त्याचा एकही पिक्चर चुकवला नाही. कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो चिकटवला होता. राजारामना माहीत होतं. ते म्हणायचे, "राहू दे, भाडं तर मागत नाही."

पुढे मिल बंद झाली. गणपतीत माझ्या जागी माणसाएवढाल्या स्पीकरच्या भिंती आल्या. मला जुन्या पडद्याच्या तुकड्यात गुंडाळून मंडळाच्या पेटीत ठेवलं, टाळ आणि कापराच्या पुड्यांबरोबर. राजाराम गेले ते मला पेटीतच कळलं. चाळीतली आरती एका आवाजाने हलकी झाली होती.

मला बाहेर काढलं हितेंद्रने. पहिल्या माळ्यावरचा पोरगा. आता चांगला तिशीचा, इन्शुरन्समधली नोकरी सांभाळून चॅनल चालवणारा. नवा पिक्चर लागला की पहिल्या शोला थिएटरच्या फाटकाबाहेर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, "कैसी लगी पिक्चर?" त्याचा छोटा माईक रस्त्याचे हॉर्नच जास्त उचलायचा. मी तोंडाजवळचंच पुढे धाडतो, मंडळात तेच शिकलो. त्याने एका डबीने मला फोनला जोडलं आणि डोक्यावर लाल स्पंजचा चौकोन चढवला, त्यावर चॅनलचं नाव. म्हातारपणी टोपडं! पण "आवाज एकदम क्लिअर," असं लोक म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्या फाटकावर मी फार वैतागलेली माणसं ऐकली. "गाडी उडते, माणूस उडतो, गोष्ट तेवढी जागची हलत नाही." "चांगलं पाहिलेलंच परत पाहिलं, फक्त महाग." "पोराला घेऊन आलो होतो, त्याने मला विचारलं, पप्पा, संपला का?" आणि त्यांच्या मधेच दुसरी जातकुळी. ती आत जाण्याआधीच माझ्यात ओरडायची, "ब्लॉकबस्टर!" त्यांना पिक्चरशी देणंघेणं नव्हतं. आपल्या हिरोचा आकडा मोठा की त्या दुसऱ्याचा, एवढ्यावर त्यांची झोप अवलंबून. स्वतःच्या बापाच्या पगाराची इतकी काळजी मी कोणाला करताना ऐकली नाही.

मग तो शुक्रवार आला. बकुळाकाकीच्या हिरोचा नवा पिक्चर. राजाराम जिथे साच्यावर उभे राहायचे, त्या जागी आता मॉल आहे, आणि थिएटर त्या मॉलमध्ये. काकी सकाळच्या शोला एकटीच गेली होती. बाहेर आली ती कडेला उभी राहिली, चप्पल नीट करत. हितेंद्रने हाक मारली.

"काकी! या ना. कसा वाटला पिक्चर?"

मित्रांनो, तोच प्रश्न, तोच माईक. तिने स्पंजच्या टोपड्यातूनही मला ओळखलं. दोन्ही हातांनी धरलं.

"मी बकुळा राजाराम परब, धनजी चाळ, लालबाग, दुसरा माळा, खोली तेवीस."

हितेंद्र हसला. "काकी, एवढं नको. फक्त पिक्चरबद्दल."

"मग नाव नको सांगू? असं कसं?" आणि ती फोनकडे नाही, माझ्याकडे बघून बोलायला लागली. "तीस वर्षं बघत्येय मी याला. बाबा रे, माझे गुडघे दुखतात, तुझे पण दुखत असतील. आपण एकाच वयाचे. मग त्या पोरसवदा मुलीच्या मागे डोंगरावर कशाला पळतोस? बस की जरा. बसून बोल आमच्याशी. तुला रडताना बघून आम्ही बायका पदर ओला करून घरी जायचो. आता तू रडत पण नाहीस, नुसता गॉगल काढतोस नि घालतोस. आणि केवढा तो आवाज! माझा नवरा साच्यावर होता, मला आवाजाचं सांगू नका. पण त्या आवाजातून कापड तरी निघायचं."

संध्याकाळपर्यंत ते बोलणं कुठच्या कुठे गेलं. लोक हसले, लोकांनी एकमेकांना पाठवलं. "कापड तरी निघायचं" हे तर म्हण झाल्यासारखं फिरायला लागलं. हितेंद्र दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. "काकी, तुम्ही फेमस!" काकीने त्याला तळलेली तांदळाची बोरं खायला दिली.

मग त्या हिरोच्या चाहत्यांची फौज जागी झाली. ते स्वतःला फौजच म्हणवतात. म्हातारी विकली गेली. त्या दुसऱ्या हिरोने पाठवली. हिला धडा शिकवा. लिहिणाऱ्या एकालाही नाव नव्हतं. कोणी वाघ, कोणी वादळ, कोणी नुसतेच आकडे. आणि त्यांतल्या एकाने लिहिलं, "शोधायचं कशाला? पत्ता तिनेच दिलाय."

हितेंद्रने ते वाचलं तेव्हा मी त्याच्या पिशवीत होतो. त्याने व्हिडिओ काढून टाकला. पण त्याच्या नकला केव्हाच हजार फोनांत शिरल्या होत्या. काकी खाली आली आणि एवढंच म्हणाली, "आमच्या यांचा माईक घरी दे." तेव्हापासून मी खोली तेवीसमध्ये, फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. मीठ आणि माझी जाळी यांचं पटत नाही, पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक डिलिव्हरीवाला दहा जणांची बिर्याणी घेऊन दारात उभा राहिला. पैसे द्यायचे होते. मग दुसरा, केक घेऊन. मग एक गादी आली, दोघांनी उचलून, जिन्यात अडकत. समोरच्या खोलीतली शैला हसली, "काय गं बकुळा, लग्न काढलंस की काय?" तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर शैलाही हसेनाशी झाली. काकी प्रत्येकाला पाणी द्यायची. "त्यांचं काय चुकलं? उन्हातून आले." तिचा नंबरही त्यांना कुठून तरी मिळाला होता. फोन वाजला की ती उचलायची आणि काही न बोलता ठेवायची. कोण काय बोललं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. मी फळीवर होतो, मला ऐकू आलं. ते मी सांगणार नाही. धाडायचंच काम असलेल्या माझ्यासारख्यालासुद्धा वाटलं, हे पुढे जाऊ नये.

आणि मग एका दुपारी चाळीच्या फाटकात शववाहिनी येऊन उभी राहिली.

ड्रायव्हर जिना चढून वर आला. टोपी हातात. गॅलरीत विचारत आला, "बकुळा परब कोणाकडे? खोली तेवीस? बॉडी खाली न्यायला माणसं आहेत ना?"

काकी दारात बसून सुपात कुळीथ निवडत होती. तिने वर पाहिलं.

"मीच ती," ती म्हणाली. "अजून वेळ आहे हो. पाणी घेणार?"

तो माणूस मटकन कठड्याला टेकला. "माफ करा आई, आम्हाला फोन आला..." तो गेल्यावर काकी आत आली, दार लावलं आणि कुळथाचं सूप फळीवर ठेवायला गेली. ते तिच्या हातून सुटलं. दाणे माझ्यावरून खाली सांडले, आणि ती तशीच उभी राहिली, हात वर.

चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलं तर लोक समजतात, आजारपण आहे किंवा भांडण. त्या दिवसापासून खोली तेवीसचं दार दिवसा बंद राहायला लागलं.

तिची मुलगी प्रिती परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. पोलिसांत तक्रार दिली होती, त्यांनी लिहून घेतली होती. तरी फौजेने नवं फर्मान काढलंच. रविवारी सकाळी चाळीत येणार, म्हातारीने सगळ्यांसमोर लाईव्ह माफी मागायची. नाही मागितली, तर रोज गाडी येईल.

"आई, दोन वाक्यं आहेत," प्रिती म्हणाली. "बोल आणि मोकळी हो."

"पण वाईट काय बोलले गं मी?"

"काहीच नाही. पण मी कामावर असते आणि तू इथे एकटी. आई, मी तिकडे रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते ना, मला सगळ्यांवर तुझंच नाव दिसतं."

काकी म्हणाली, "मागते माफी. पण यांच्या माईकवर मागेन." आणि फळीकडे हात केला.

रविवारी हितेंद्रने खाली चौकात मंडळाचा जुना स्पीकर लावला. त्याचा चेहरा उतरलेला. "काकी, मी कापायला पाहिजे होतं ते पत्त्याचं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आता जोड ती वायर," काकी म्हणाली. सगळ्या माळ्यांवर माणसं उभी होती. नाक्यावर पोलीस होते. माझ्या अंगाला काकीच्या तळहाताचा घाम लागत होता.

फौज म्हणजे मला वाटलं, रस्ता भरून येतील. बाईकवरून उतरली ती आठ-नऊ पोरं. छातीवर हिरोचा चेहरा, हातात फोन. पण त्या फोनांच्या मागे हजारो लोक बघत होते, आणि ते आम्हाला दिसत नव्हते. भीती त्याचीच होती. पुढारी पोरगा काकीच्या अगदी तोंडाशी फोन घेऊन आला. "चलो आंटी, स्टार्ट करो. हात जोडके."

प्रिती मागे उभी होती. तिने आईच्या पाठीवर बोटं टेकली.

"मी बकुळा राजाराम परब, धनजी चाळ, दुसरा माळा, खोली तेवीस," काकी म्हणाली. आवाज कापत होता, आणि मी तो तसाच पुढे धाडला. "माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखलं असेल..."

ती थांबली. मला आधी वाटलं, पाठ केलेलं विसरली.

"कोणाचं दुखलं?" तिने विचारलं. "माफी मागायची तर नाव घेऊन मागते. अशी हवेत कशी मागू? तुझं नाव काय रे बाळा?"

"वादळ ट्रिपल नाईन."

"हे बारशाला ठेवलं?"

वरच्या माळ्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. पोराचा चेहरा बदलला. तो एक पाऊल पुढे आला, हितेंद्र मधे सरकला, प्रितीने आईचा दंड धरला. "ज्यादा बोलू नको! माईक दे इकडे!" तो ओरडला.

"घे," काकी म्हणाली आणि मला पुढे केलं. "या माईकचा नियम आहे. आधी नाव, मग आवाज. नाव, वस्ती, खोली. मग तू म्हणशील ते मी ऐकते, आणि तुझी माफीही मागते."

त्याने मला हिसकावलं. तोंडाजवळ नेलं. त्याचा श्वास माझ्या जाळीवर आला, गरम आणि भराभर. त्याच्याच मित्रांचे फोन त्याच्याकडे वळले होते. सगळं लाईव्ह चाललेलं. बघणाऱ्यांत आपली फौज आहे, तशी त्या दुसऱ्या हिरोचीही आहे, हे त्याच्या एकदम लक्षात आलं असावं. नाव गेलं की पत्ता जाणार. पत्ता गेला की मग काय काय येतं, हे त्याच्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत?

त्याने आवंढा गिळला. मी तो स्पीकरवर सोडला. सगळ्या चाळीने ऐकला.

त्याने मला शेजारच्याच्या हातात कोंबलं. त्याने पुढच्याच्या. मी हातोहात फिरलो, आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थंड. शेवटी मी टोकाच्या पोराकडे आलो आणि तिथेच राहिलो. त्याने मला सोडलं नाही.

"राहुल चिंतामणी साळवी," तो म्हणाला. "शिवडी, गोदामांच्या मागची चाळ, पहिला माळा, खोली नऊ."

"अबे पागल! लाईव्ह चालू आहे!" वादळ ओरडलं.

राहुलने तिकडे पाहिलं नाही. "काकी, ती गाडी मी बोलावली होती. ग्रुपवर सगळे हसले."

मित्रांनो, मी विसर्जनानंतरची शांतता ऐकली आहे. पण ही तशी नव्हती. प्रिती पुढे झाली होती, तिचा हात उठला होता. काकीने तो धरून खाली केला.

"त्या वेळी खरोखर कोणाकडे माणूस गेलं असेल," काकी म्हणाली, "तर ते गाडीची वाट बघत बसले असतील. त्यांचा विचार आला होता तुझ्या मनात?"

राहुलने मान हलवली. नाही.

काकी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने असं काही विचारलं, जे ऐकून मला माझी गल्ली, माझा पडदा आणि माझे राजाराम आठवले.

"पिक्चर कसा वाटला?"

"अं?"

"पिक्चर. बघितलास ना?"

"तीनदा बघितला. आकडा वाढायला पाहिजे म्हणून."

"मी आकडा नाही विचारला."

राहुल माझ्याकडे बघत राहिला. "दुसऱ्या वेळी झोप लागली, काकी," तो म्हणाला आणि रडायला लागला. माळ्यामाळ्यांवर हसू पसरलं, पण त्यात टवाळी नव्हती. शैला वरून ओरडली, "अरे, मी पहिल्या वेळीच झोपले असते!"

बाईक निघून गेल्या. राहुल मागे राहिला, कारण त्याला कोणी मागे बसवेना. हितेंद्रने त्याला शिवडीला सोडलं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. वादळाने संध्याकाळीच लिहिलं की म्हातारीने माफी मागितली. राहुल गद्दार ठरला, आणि केक, बिर्याणी, गाद्या आता शिवडीला जायला लागल्या. त्याने घाबरून काकीला फोन केला. काकी म्हणाली, "आईला सगळं खरं सांग. आणि जो येईल त्याला पाणी दे." खोली तेवीसवरही कोणी ना कोणी येत राहिलं. हळूहळू कमी झालं. फौजेला दुसरं कोणीतरी सापडलं असावं. आता काकीचं दार दिवसा अर्धं उघडं असतं. अजून पुरतं नाही. कडी वाजली की आधी ती आतून विचारते, "कोण?"

मी आता म्हातारा झालोय, मित्रांनो. माझा खटका सैल झालाय, जाळीला गंज चढतोय. तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा आला तर त्याच्या डोक्यावर टकटक करू नका, त्यात फू-फू करू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि खाली आपटू नका. आणि तुमच्या खिशात तो चपटा माईक आहे ना, ज्याला तुम्ही फोन म्हणता, त्यात कोणाबद्दल काही लिहाल, तेव्हा आधी स्वतःचं नाव मनात म्हणून बघा. नाव घशात अडकलं, तर ते बोलणंही तिथेच राहू द्या.

परवा त्या हिरोचा आणखी एक पिक्चर लागला. मी हितेंद्रच्या हातात, काकीनेच परत दिलेला, फाटकाबाहेर, टोपड्याशिवाय. "आई, नाव-पत्ता काही सांगू नकोस," असं प्रितीने सकाळी तीनदा बजावलं होतं. शो सुटला. काकी बाहेर आली. तिने हितेंद्रला टाळून पुढे जायचं ठरवलं असावं, कारण चार पावलं पुढे गेलीही. मग वळली. मला दोन्ही हातांनी धरलं. समोर तीन-चार अनोळखी फोन लगेच वर झाले.

"मी बकुळा राजाराम परब," ती म्हणाली आणि त्या फोनांकडे एकेक करून पाहिलं. "पत्ता तुम्हाला माहीतच आहे. आता पिक्चरचं ऐका."